फिल्मला इशारा, दुधाला नाही

अमेरिकेने १९५१ च्या जानेवारीत नेवाडाच्या वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या आरंभिल्या, आणि थोड्याच दिवसांत देशाच्या दुसऱ्या टोकाला, रॉचेस्टर शहरात, किरणोत्सर्गी बर्फ पडला. तेथे कोडॅक कंपनीचा फिल्मचा कारखाना होता. अशा धुळीने फिल्म डागाळते, हा धडा कंपनीला १९४५ मध्येच मिळाला होता. तिने तक्रार करताच अमेरिकन अणुऊर्जा आयोगाने फिल्म उत्पादकांना चाचण्यांची आगाऊ सूचना देण्याचे मान्य केले. भांडवलाच्या हाकेला सरकार किती तत्परतेने ओ देते पाहा!

तीच धूळ कुरणांवरही पडत होती. गवतातून गाईच्या पोटात, तेथून दुधात आणि दुधातून लहान मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत किरणोत्सर्गी आयोडिन पोचत होते. या आयोडिनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. चाचणीनंतर काही आठवडे मुलांना ताजे दूध देऊ नका, एवढ्या एका सूचनेने पुष्कळसा धोका टळला असता. ती सूचना गवळ्याला मिळाली नाही, आईलाही मिळाली नाही. आयोगाकडे आकडे नव्हते म्हणावे, तर देशभर ठिकठिकाणी चिकट पट्ट्या लावून तो ही धूळ गोळा करीत होता, मोजीत होता. लोकांना मात्र काळजीचे कारण नाही असेच सांगितले जात होते. त्याच नोंदींच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने या आयोडिनचा हिशेब १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर ती मुले चाळिशी-पन्नाशीला आली होती.

बॉम्ब बनविणारा, धूळ मोजणारा आणि 'घाबरू नका' म्हणणारा एकच असला की असे होते. आपल्याकडे काय निराळे आहे? १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले ते सरकारी आदेशाने, आणि उत्तरदायी राहिले अणुऊर्जा आयोगाला. त्या आयोगाचा अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचाच सचिव! २००० मध्ये तर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा मंडळाच्या कक्षेतून काढून घेण्यात आल्या. म्हणजे मुंबईला खेटून असलेल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांवर आणि केंद्राच्या ताब्यातील अणुकचऱ्यावर देखरेख केंद्राचीच. मंडळाच्या या परावलंबित्वावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये बोट ठेवले. त्यानंतर तेरा वर्षांनी, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. पण ज्या कायद्याने दिला त्याच कायद्याने अणुवीज खासगी कंपन्यांना खुली केली. राखणदाराला काठी द्यायची आणि त्याच दिवशी वेशीचे दार उघडायचे, असा हा व्यवहार.

तारापूरच्या परिसरातील मासळी, पाणी आणि दूध यांचे नमुने अणुऊर्जा खात्याचीच प्रयोगशाळा तपासते. आकडे मर्यादेत आहेत, असे खाते सांगते. असतीलही! पण वार्षिक अहवालातले तक्ते घिवलीच्या कोळणीने कोठे शोधायचे? याच नमुन्यांचा अर्धा वाटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे द्या. दोन्हींचे आकडे दरमहा, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. तफावत निघाली तर ग्रामसभेपुढे येऊन खुलासा करण्याचे बंधन केंद्रसंचालकावर घाला. यास अणुविज्ञान लागत नाही. एक शासकीय आदेश पुरतो.