डोक्यावरील चक्र

पंचतंत्राच्या पांचव्या तंत्रांत चार दरिद्री ब्राह्मणांची कथा आहे. द्रव्याच्या शोधांत निघालेले हे चौघे भैरवानंद नांवाच्या योग्यास शरण जातात. तो प्रत्येकास एकेक मंतरलेली वात देऊन सांगतो कीं, हिमालयाच्या दिशेनें चालूं लागा. ज्याची वात जेथें पडेल तेथें त्यानें खणावें. पहिल्यास तांबें लाभतें, दुसऱ्यास रुपें, तिसऱ्यास सोनें, आणि जें मिळालें त्यावर ते तृप्त होतात. चौथा मात्र रत्नांच्या आशेनें एकटाच पुढें जातो. तेथें त्याला एक रक्तबंबाळ मनुष्य दिसतो. त्याच्या मस्तकावर एक चक्र गरगर फिरत असतें. हें काय, असा प्रश्न या चौथ्याच्या तोंडून निघतो न निघतो, तोंच तें चक्र उडून याच्या मस्तकावर येऊन बसतें.

ही कथा आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविली. अतिलोभ वाईट, हें तिचें तात्पर्य मुलांस तेव्हांच कळे. परंतु त्या चक्राचा जो नियम आहे, तो तात्पर्याहून अधिक भयंकर आहे. तें चक्र कधींच नाहींसें होत नाहीं. तें मस्तक तेवढें बदलतें.

या नियमाची आठवण आम्हांस अलीकडे दोन चित्रपटांनीं करून दिली. घरांतील तरुण मंडळींच्या आग्रहास्तव ते आम्हीं पाहिले. पहिला मल्याळम् भाषेंतील. राहुल सदाशिवन् यांनीं दिग्दर्शित केलेला 'भ्रमयुगम्' २०२४ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला. तो सबंध कृष्णधवल असून त्यांतील काळ सतराव्या शतकांतला आहे. रानांत वाट चुकलेला एक गायक एका पडक्या वाड्याच्या आश्रयास येतो. वाड्याचा धनी कोडुमण पोट्टी त्याला जेवूं घालतो, त्याचें गाणें ऐकतो, आणि मग फांशांचा डाव मांडतो. पणास लावावयास गायकाजवळ दमडीहि नसते. तेव्हां धनी त्याचा काळच पणास लावून घेतो. मामुट्टी यांनीं या धन्याची भूमिका अशा संथपणें केली आहे कीं, तो हंसला म्हणजे अधिक भीति वाटते. याच भाषेंत १९८४ सालीं 'श्रीकृष्णपरुंतु' हा चित्रपट निघाला होता. त्यांतील मांत्रिकाच्या विद्येला ब्रह्मचर्याची अट होती, आणि त्याचा घात झाला तो स्त्रीमोहानें. 'भ्रमयुगम्'मधील मोह सत्तेचा आहे. पतंजलींनीं सिद्धींना समाधीच्या वाटेवरील विघ्नें म्हटलें, तें उगाच नव्हे.

काम झाला, सत्ता झाली. राहिला द्रव्याचा मोह. त्याचा चित्रपट आपल्या कोंकणांत घडतो, आणि त्याचें नांव 'तुंबाड'. १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं तो प्रथम लागला. २०२४ च्या सप्टेंबरांत पुन्हां लागला, तेव्हां पहिल्या खेपेपेक्षां अधिक चालला. भाषा हिंदी असली तरी त्याचें मूळ मराठीच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे 'थँक यू मिस्टर ग्लाड'चे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. नारायण धारप यांच्या एका भयकथेवरून त्यांना बीज सुचलें, आणि नांव त्यांनीं श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलें.

कथा अशी. समृद्धीच्या देवतेचा ज्येष्ठ पुत्र हस्तर याला मातेचें सोनें हवें होतें आणि धान्यहि हवें होतें. सोनें त्याच्या हातीं लागलें. धान्यावर हात टाकतांच इतर देव त्याच्यावर तुटून पडले. मातेनें त्याला उदरांत घेऊन वांचविलें तें एका अटीवर, कीं त्याची पूजा कधींहि होऊं नये. तुंबाडच्या एका घराण्यानें ती अट मोडून त्याचें देऊळ बांधलें, आणि गांवावर अखंड पाऊस कोसळूं लागला. १९१८ सालीं विनायक नांवाचा मुलगा आईबरोबर हें गांव सोडतो; पुन्हां तेथें जाणार नाहीं, असें वचन आई त्याच्याकडून घेते. मोठा झाल्यावर तो तें वचन मोडतो. दोरानें त्या गर्भांत उतरावें, पिठाचें रिंगण आंखून आंत उभें राहावें, भुकेल्या हस्तरापुढें कणकेची बाहुली टाकावी, आणि तो ती खाण्यांत गुंतला असतां त्याच्या लंगोटींतील सुवर्णमुद्रा ओरबाडून वर यावें, ही त्याची विद्या.

चित्रपटांत बीभत्स पुष्कळ आहे. आमच्या अंगावर कांटा आला तो मात्र निराळ्याच जागीं. १९४७ सालच्या भागांत विनायक ही विद्या आपल्या कोवळ्या मुलास, पांडुरंगास, शिकवितो. आणि संध्या किंवा रूपावली शिकवावी तितक्याच निगुतीनें शिकवितो. मुलगा हुशार निघतो. एकाच बाहुलीवर कां थांबावें, पुष्कळ बाहुल्या न्याव्यात, ही युक्ति त्याचीच. बापाच्या लोभास मुलाची बुद्धि मिळते, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात.

कर्जतच्या परिसरांत नितीन देसाई यांनीं २००५ सालीं स्टुडिओ उभारला. लांकूड आणि प्लास्टर यांचे राजवाडे कसे उभे राहतात, हें येथील लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. त्यामुळें पडद्यावरचा राक्षस आम्हां कर्जतकरांस फारसा भिववीत नाहीं. तुंबाडचा पाऊस मात्र आमच्या ओळखीचा आहे, आणि तुंबाडचा वाडाहि.

खालापूर तालुक्यांत आमच्या परिचयाचें एक जुनें घर आहे. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग झाल्यापासून भोंवतालच्या शेतांस सोन्याचा भाव आला. या घरानेंहि आपलीं भाताचीं खाचरें विकलीं, आणि आलेला पैसा पांच-सात वर्षांत आल्या वाटेनें गेला. मग माजघराखालीं पणजोबांनीं पुरलेल्या हंड्याची आठवण निघाली. आजोबांनीं त्यासाठीं एकदां खणलें होतें, वडिलांनीं दुसऱ्यांदा. या खेपेस मांत्रिक आणला. त्यानें अमावास्या नेमून दिली आणि सांगितलें कीं, पायाळू मूल पाहिजे. पायांकडून जन्मलेल्यास भूमींतील धन दिसतें, ही समजूत वाचकांनीं ऐकली असेलच. घरांतला सात वर्षांचा नातू नेमका पायाळू. वडील माणसांनीं माना डोलाविल्या. तेव्हां त्याची आई, एरव्हीं थोरांसमोर शब्द न काढणारी, माजघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझें पोर पायाळू आहे, पण तें तुमची पहार नव्हे." त्याच संध्याकाळीं मुलास घेऊन ती माहेरीं गेली, आणि खड्डा बुजवून वर फरशी बसविल्याचें कळेपर्यंत परतली नाहीं.

तिनें राईचा पर्वत केला असें कोणास वाटलें, तर त्यानें मानवतचें स्मरण करावें. परभणी जिल्ह्यांतील त्या गांवीं १९७२ ते १९७४ या काळांत स्त्रियांचे आणि अजाण मुलींचे जे खून झाले, त्यांच्या मुळाशीं गुप्तधनाची आणि संततीची आशा असल्याचें तपासांत पुढें आलें. महाराष्ट्रांत २०१३ सालीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुप्तधनासाठीं अमानुष कृत्यें करणें आणि तशा कृत्यांचा सल्ला देणें, हे दोन्ही गुन्हे ठरविले असून शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. या कायद्यासाठीं अनेक वर्षें झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं पुण्यांत हत्या झाली, आणि त्यानंतर कांहीं दिवसांतच सरकारनें वटहुकूम काढला. कायदा एवढ्या मोलानें आला. पण तो उंबऱ्याबाहेर उभा असतो. घरांतून कोणी तरी हांक मारल्यावांचून त्याला आंत येतां येत नाहीं.

'तुंबाड'च्या अखेरीस बाप हस्तराची अख्खी लंगोटी, मुद्रांसह, मुलापुढें करतो, आणि मुलगा ती घेत नाहीं. पंचतंत्रांतील चौथ्या ब्राह्मणास जें साधलें नाहीं, तें या पोरास साधतें. तो मस्तक पुढें करीत नाहीं. चक्रावर उपाय एवढाच, आणि खालापुरांतील त्या माउलीनें तो शास्त्र न वाचतां केला.

वाचकहो, 'तुंबाड'ला प्रौढांपुरतें असें प्रमाणपत्र आहे. तेव्हां तो मुलांस दाखवूं नये, आणि त्यांना त्याची गरजहि नाहीं. घरांतील कर्त्या मंडळींनीं मात्र तो एकदां अवश्य पाहावा; कारण मुलांच्या हातीं दोर देणारे आपणच असतों.