मनोरा कोणाचा उंच?

इटलीच्या टस्कनी प्रांतात सान जिमिन्यानो हे टेकडीवरचे तटबंदीचे गाव आहे. गाव लहान, पण एकेकाळी तिथे ७२ मनोरे होते म्हणतात. केशराच्या व्यापारावर आणि सावकारीवर गबर झालेल्या घराण्यांनी ते उभारले. भांडणतंट्यात आसऱ्याला ठीक. पण आत जागा चिंचोळी, राहण्याची सोय बेताची. मग एवढा दगड कशाला? आर्दिंगेल्ली वरचढ की साल्वुच्ची, हे येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वर करून पाहावे म्हणून! हा खर्च कोणत्या खात्यावर टाकावा, हे आम्हा कारकुनांना तरी उमगत नाही.

आम्हाला मोल वाटते ते १२५५ सालच्या कायद्याचे. न्यायाधिकाऱ्याच्या वाड्यावरील रोन्योझा मनोऱ्याहून, म्हणजे सुमारे ५१ मीटरहून, उंच मनोरा कोणाही खाजगी घराण्याने बांधू नये, असे ठरले. श्रीमंतांच्या हौसेला गावाने माप लावले. पुढे नगरसभेच्या वाड्याला लागून ५४ मीटरचा तोर्रे ग्रोसा १३११ मध्ये पुरा झाला. सर्वांत उंच माथा गावाचा झाला.

१३४८ च्या प्लेगने गाव खंगले, १३५३ मध्ये फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेले. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसाच उरला नाही, म्हणून चौदा मनोरे अजून उभे आहेत. तोर्रे ग्रोसावर आज तिकीट काढून कोणालाही चढता येते.