विश्लेषण : चूक धावणाऱ्याची, भुर्दंड फलंदाजाला! बेसबॉलमधील ‘चुकलेल्या बेस’चा नियम कितपत न्याय्य?

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ पाहायला मिळणार आहेत. क्रिकेटवर वाढलेल्या प्रेक्षकाला बेसबॉलमधील एक प्रकार हमखास बुचकळ्यात टाकतो. धावपटूचा पाय बेसला लागलाच नाही, हे पंचाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तरी तो गप्प राहतो. प्रतिस्पर्धी संघाने विचारले, तरच बोलतो. आणि एकदा का तो ‘बाद’ म्हणाला, की फलकावर लागलेल्या धावा पुसल्या जाऊ शकतात आणि फलंदाजाच्या नावावरचा फटकाही नाहीसा होऊ शकतो. वरवर विचित्र वाटणाऱ्या या नियमांमागे बराच विचार आहे. मात्र त्यातील एक तरतूद अन्यायकारक आहे आणि ती बदलायला हवी.

मूळ नियम काय?

बेसबॉलच्या मैदानात पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन बेस आणि शेवटी होम प्लेट असते. फलंदाजाने चेंडू मारला की त्याने आणि आधीच बेसवर उभ्या असलेल्या त्याच्या साथीदारांनी या ठिकाणांना याच क्रमाने स्पर्श करत पुढे जायचे असते. होम प्लेटला पाय लागला की एक धाव. चेंडू थेट प्रेक्षकांत गेला, म्हणजे होमरन झाला, तरी यातून सुटका नाही. आपल्याकडे षटकार मारल्यावर फलंदाज जागेवर उभा राहिला तरी चालते. बेसबॉलमध्ये होमरन मारणाऱ्यालाही चारही ठिकाणी पाय लावावाच लागतो.

एखादा बेस चुकला, तर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने चेंडू घेऊन त्या बेसला किंवा त्या धावपटूला स्पर्श करायचा आणि पंचाकडे अपील करायचे. अपील मान्य झाले की धावपटू बाद. या अपिलाला मुदत असते. पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी किंवा दुसरी एखादी हालचाल करण्यापूर्वी ते व्हायला हवे. डाव संपला असेल, तर क्षेत्ररक्षक मैदान सोडण्यापूर्वी. मुदत टळली की चूक माफ आणि धाव कायम.

पंच स्वतःहून का सांगत नाही?

कारण ही चूक पकडणे हा खेळाचाच भाग मानला गेला आहे. क्रिकेटमध्येही अपील झाल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देत नाही. पण क्रिकेटमधील ‘शॉर्ट रन’ची गोष्ट वेगळी आहे. तिथे कोणी विचारण्याची गरज नसते. पंच स्वतःहून खूण करतो आणि धाव कापली जाते, पण कोणी बाद होत नाही. बेसबॉलने उलटा सौदा केला आहे. शिक्षा कडक, पण ती मिळवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने जागे असायला हवे.

हा सौदा मला पटतो. आता प्रत्येक पाऊल कॅमेऱ्यात टिपले जाते, तेव्हा अपिलाची भानगड हवीच कशाला, असा प्रश्न विचारता येईल. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये २०१४पासून चित्रफितीची मदत मोठ्या प्रमाणावर घेतली जाते आणि बेसला पाय लागला की नाही, हेही तपासले जाते. मात्र त्यासाठीही आधी अपील करावेच लागते. यंत्र असूनही खेळाडूच्या सावधपणाची किंमत तिथे कमी केलेली नाही, हे योग्यच आहे. नऊ खेळाडू मैदानात उभे असताना कोणाच्याच लक्षात न आलेली चूक यंत्राने उकरून काढण्यात खेळाचे काही भले नाही.

धाव केव्हा रद्द होते?

येथे सगळा हिशेब ‘तिसऱ्या बाद’चा आहे. तीन खेळाडू बाद झाले की त्या संघाची पाळी संपते. दोनपेक्षा कमी बाद असताना एखाद्याचा बेस चुकला, तर फक्त तो बाद होतो, इतरांच्या धावा राहतात. पण दोन बाद असताना चुकणारा हा तिसरा ठरतो आणि त्याच्या मागून धावत आलेल्यांच्या धावा मोजल्या जात नाहीत. त्याच्या पुढे असलेल्यांच्या धावा मात्र एरवी टिकतात.

याला महत्त्वाचे अपवाद दोन. तिसरा बाद हा पहिल्या बेसला पाय न लावणारा फलंदाज असेल, तर पुढच्यांच्याही धावा जातात. समजा, दोन बाद आहेत, तिन्ही बेस भरलेले आहेत आणि फलंदाजाने होमरन मारला. चार धावा झाल्या, पण फलंदाजाचा पाय पहिल्या बेसला लागला नव्हता. अपील मान्य झाले, तर चारही धावा शून्य. तोच फलंदाज पहिल्या बेसला पाय लावून दुसऱ्याला चुकला, तर पुढच्या तिघांच्या धावा कायम राहतात.

दुसरा अपवाद ‘फोर्स आउट’चा. एका बेसवर दोघे थांबू शकत नाहीत. फलंदाज पहिल्या बेसकडे निघाला की तिथे आधीपासून असलेल्याला दुसऱ्याकडे जाणे भागच पडते. अशा सक्तीने धावणाऱ्याला ज्या बेसवर पोहोचायचे आहे तिथे तो पोहोचण्यापूर्वी चेंडू पोहोचला, तर तो फोर्स आउट. तिसरा बाद असा झाला, तर त्या फटक्यावर झालेली एकही धाव धरली जात नाही.

१९०८मध्ये काय घडले?

या दुसऱ्या अपवादाने बेसबॉलच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला वाद घडवला. २३ सप्टेंबर १९०८, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स मैदान, सामना न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज यांच्यात. नववी इनिंग, गुणफलक १-१, दोन बाद. तिसऱ्या बेसवर मूस मॅककॉर्मिक आणि पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. अल ब्रिडवेलने चेंडू थेट मैदानाच्या मध्यभागी पाठवला. मॅककॉर्मिक होम प्लेटला पोहोचला, प्रेक्षक मैदानात उतरले. सामना जिंकला, असे समजून मर्कल दुसऱ्या बेसपर्यंत न जाताच माघारी वळला.

त्या काळी अनेक खेळाडू तसेच करत आणि पंचही तिकडे काणाडोळा करत. पण कब्जचा जॉनी एव्हर्स चेंडू मागवून दुसऱ्या बेसवर उभा राहिला. याच महिन्यात ४ तारखेला पिट्सबर्गमधील सामन्यात त्याने असाच दावा केला होता. तो फेटाळणारे पंच हँक ओ’डे हेच या सामन्यातही पंच होते. या वेळी त्यांनी मर्कलला फोर्स आउट दिले. धाव रद्द झाली. गर्दी आणि अंधारामुळे पुढे खेळणे अशक्य होते, त्यामुळे सामना बरोबरीत सुटला. हंगामाअखेर दोन्ही संघ समान विजयांवर राहिले. ८ ऑक्टोबरला हा सामना पुन्हा खेळवला गेला. कब्जने तो ४-२ असा जिंकून लीगचे विजेतेपद मिळवले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही जिंकली. त्यानंतर ती जिंकायला त्यांना २०१६ उजाडले.

मर्कल पुढे मेजर लीगमध्ये एकूण १६ हंगाम खेळला, पण ‘मूर्ख’ हा शिक्का १९५६मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत पुसला गेला नाही. निर्णय नियमाला धरून होता. एका कोवळ्या पोराच्या माथी मारलेला तो शिक्का मात्र कोणत्याच नियमात बसत नव्हता.

फलंदाजाच्या नावावर काय लागते?

मर्कलची कथा सगळे सांगतात. फटका मारणाऱ्या ब्रिडवेलची कोणी सांगत नाही. खरा प्रश्न तिथेच आहे.

बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्यासाठी अधिकृत गुणलेखक असतो. फलंदाज सुरक्षितपणे पहिल्या बेसवर पोहोचला तर सिंगल, दुसऱ्यावर डबल, तिसऱ्यावर ट्रिपल आणि परत आला तर होमरन, अशी नोंद तो करतो. फटका मारलेल्या फलंदाजाकडूनच बेस चुकला, तर गुणलेखनाचा नियम सरळ आहे. तो शेवटी ज्या बेसवर नीट पोहोचला, तेवढे त्याचे. होम प्लेट चुकली तर ट्रिपल, तिसरा बेस चुकला तर डबल, दुसरा चुकला तर सिंगल. पहिलाच चुकला तर काहीही नाही. न्यूयॉर्क मेट्सच्या मार्व्ह थ्रोनबेरीने १७ जून १९६२ रोजी ट्रिपल मारला, पण पहिल्या बेसला पाय न लागल्याने हाती भोपळा आला. व्यवस्थापक केसी स्टेंगल पंचाशी वाद घालायला निघाले, तेव्हा दुसरा बेसही चुकला होता, असे त्यांना सांगण्यात आले, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

‘जेवढे कमावले तेवढे तुमचे’ हे तत्त्व साथीदाराच्या चुकीतही बऱ्याचदा पाळले जाते. १९३१मध्ये लू गेहरिगने चेंडू बाहेर पाठवला, पण पुढे धावणारा लिन लॅरी झेल गेला असे समजून मैदानाबाहेर निघाला. गेहरिग त्याला ओलांडून गेला, म्हणून बाद ठरला. त्याचा होमरन गेला, पण ट्रिपल मिळाला. त्या हंगामात तो आणि बेब रूथ दोघेही ४६ होमरनवर थांबले. १९५९मध्ये हँक एरन अर्ध्यातून परतल्याने त्याला ओलांडून गेलेल्या जो ॲडकॉकच्या होमरनचा डबल झाला. १९९९मध्ये मेट्सच्या रॉबिन व्हेंचुराने तिन्ही बेस भरलेले असताना चेंडू कुंपणापार मारून सामना जिंकून दिला. मात्र आनंदात साथीदारांनी त्याला दुसऱ्या बेसपूर्वीच अडवले, म्हणून सिंगल लागला. तिघांचेही नुकसान झाले, पण हात रिकामे राहिले नाहीत.

मग अन्याय कुठे?

ब्रिडवेलसारख्यांवर. नियम सांगतो की सक्तीने धावणारा साथीदार त्याच्या पहिल्याच बेसला चुकला आणि अपिलावर बाद ठरला, तर फलंदाजाच्या नावावर फलंदाजीची एक संधी लागते, पण हिट लागत नाही. तो स्वतः पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला असला तरीही!

यातली विसंगती पाहा. पहिल्या बेसवरचा साथीदार दुसऱ्याला पाय लावून तिसऱ्याला चुकला, तर फलंदाजाचा हिट शाबूत. दुसऱ्यालाच चुकला, तर गायब. फटका तोच, फलंदाज तोच. फरक फक्त दुसऱ्या माणसाच्या पायाचा.

चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या बाजूनेही पाहता येईल. एकही हिट न देता पूर्ण सामना टाकणे, म्हणजे ‘नो-हिटर’, हा त्याच्यासाठी मोठा मान. त्याने एकाला फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिले, पुढच्याने खणखणीत फटका मारला, पण धावपटूचा पाय दुसऱ्या बेसला लागला नाही, तर कागदावर हिट झालाच नाही. पिचरचा विक्रम जिवंत राहील, तोही त्याच्या कर्तबगारीमुळे नव्हे.

नियमाच्या बाजूचा युक्तिवाद असा की फोर्स आउट झाला तेव्हा हिट देत नाहीत, मग येथे का द्यावा? पण नेहमीच्या फोर्स आउटमध्ये क्षेत्ररक्षक चेंडू अडवून, दोघांपैकी एकाला निवडून बाद करतात. त्यांनी फलंदाजालाही बाद केले असते, असे मानायला जागा असते. ब्रिडवेलच्या फटक्यावर तशी काहीच शक्यता नव्हती.

क्रिकेटकडून काय घेता येईल?

२० सप्टेंबर २०२० रोजी दुबईतील आयपीएल सामन्यात पंजाबच्या ख्रिस जॉर्डनची एक धाव पंच नितीन मेनन यांनी शॉर्ट ठरवली. बॅट रेषेपलीकडे टेकली होती, हे चित्रफितीत दिसले. सामना बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हरमध्ये दिल्ली जिंकली. फटका मयांक अगरवालचा होता, पाय जॉर्डनचे. अगरवालची एक धाव गेली, पण त्याच फटक्यावर पूर्ण झालेली दुसरी धाव त्याच्याच नावावर राहिली. तिसरी धाव घेताना साथीदार धावबाद झाला, तरी पूर्ण झालेल्या दोन धावा फटका मारणाऱ्याच्याच राहतात. साथीदाराच्या चुकीमुळे अपुरे राहिलेले जाते, पुरे झालेले जात नाही. बेसबॉलने एवढेच उचलावे.

बदल कोणता?

अपिलाची पद्धत ठेवावी. धाव रद्द करण्याचा नियमही ठेवावा, कारण तो संघाचा हिशेब आहे आणि संघाने एकमेकांच्या चुका भोगायच्याच असतात. वैयक्तिक नोंद ही मात्र त्या माणसाची असते. साथीदाराचा बेस चुकला, पण फटक्यावर फलंदाज एरवीही पहिल्या बेसवर पोहोचलाच असता असे गुणलेखकाला वाटले, तर सिंगल देण्याची मुभा त्याला द्यावी. हिट की क्षेत्ररक्षकाची चूक, हा निवाडा तो रोजच करतो, हाही त्याला जड जाणार नाही. यामुळे एकाही सामन्याचा निकाल बदलणार नाही. ज्याने फटका मारला, त्याच्या नावापुढे तो लिहिला जाईल, एवढेच.