गाडी उंच झाली, पण ताकद वाढली का?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांत आता अनेक दारांत पिकअप उभी दिसते. ज्यांच्या आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या बैलगाडीत माल भरला, त्यांचा नातू आज स्वतःच्या गाडीत शिरूरचा कांदा आणि केडगावकडच्या गुऱ्हाळांचा गूळ भरून पुण्याच्या मार्केट यार्डात नेतो. स्वकष्टाची, कोणाला न लुबाडणारी कमाई म्हणजेच तथागतांनी सांगितलेली सम्यक आजीविका. त्या गाडीचा अभिमान कुटुंबाला वाटावा, यात काहीच गैर नाही.

पण अलीकडे आपल्या तरुणांमध्ये एक नवी हौस आली आहे. पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून किंवा जादा पाटे टाकून गाडी उंच करायची आणि मोठे टायर चढवायचे. मोबाईलवर परदेशातल्या गाड्या पाहून पोरे विचारतात, "किती इंच उंच करू? कोणता टायर टाकू?" यामागे तीन अपेक्षा असतात. गाडी चिखलात अडकू नये, माल जास्त बसावा आणि गाडी रुबाबदार दिसावी. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही आपल्या धम्माची शिकवण आहे. तेव्हा या अपेक्षा तपासून पाहू.

पहिली गोष्ट चिखलाची. मागच्या दोन चाकांच्या मधोमध आसावर जो गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. पाणंदीच्या चाकोरीत गाडी टेकते, ती बहुधा याच गोळ्यावर. ठोकळे घातल्याने गाडीचा सांगाडा आणि हौदा वर जातो, पण आस चाकांनाच जोडलेला असल्याने गोळा आहे तिथेच राहतो. म्हणजे पैसे गेले आणि अडकणे तसेच राहिले.

गोळा वर जातो तो फक्त मोठ्या टायरने. पण किती? टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या शेकडा ७५ इतकी बाजूची उंची आणि १५ इंची रिम. या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ टाकला, तर व्यास ७३३ होतो. वाढ ३० मिलिमीटरची, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे दीड सेंटिमीटर! तेवढ्यासाठी चाकाचा घेर शेकडा ४ हून जास्त वाढतो. मीटरवर ६० दिसते तेव्हा गाडी ६२ च्या पुढे पळत असते. इंजिनाची ओढ तितकीच कमी पडते आणि भरल्या गाडीने चढ चढताना क्लच झिजतो.

दुसरी गोष्ट मालाची. जादा पाटे टाकल्याने गाडी कमी दबते, एवढेच. आस, बेअरिंग, ब्रेक आणि सांगाडा आहे तेवढ्याच ताकदीचे राहतात. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. त्याला वजन कळते ते गाडी किती दबली त्यावरून. गाडी उंच केली की माल भरलेला असूनही त्याला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो.

हिशेबही मांडून पाहा. ५० किलोच्या १० गोण्या जास्त भरल्या आणि गोणीमागे ४० रुपये भाडे धरले, तर एका खेपेला ४०० रुपये जास्त मिळाले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर जादा टनामागे २,००० आहे. एकदा गाडी काट्यावर धरली गेली, तर अशा पन्नास खेपांची कमाई एका पावतीत जाते. हप्ता मात्र थांबत नाही.

कायदा इथेच संपत नाही. कलम ५२ प्रमाणे, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितले. कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय अपघात झाला, तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयते कारण मिळते.

आता सर्वांत महत्त्वाचे. याच गाड्यांच्या हौद्यात बसून आपली माणसे १ जानेवारीला भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात, मंगल परिणयाला जातात. बायका-मुले हौद्यात उभी असतात. घागर कमरेवर असताना ठेच लागली, तर बाई सावरते. तीच घागर डोक्यावर असली, तर सावरणे अवघड. उंच केलेल्या गाडीचे असेच असते. वजन वर गेले की वळणावर कलंडायला वेळ लागत नाही. मालवाहू गाडीत फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकाल आहे. म्हणजे जीव आपल्याच माणसांचे जाणार आणि भरपाईचा बोजाही आपल्याच पोरावर येणार. सबब, अभिवादनाला एस.टी. किंवा प्रवासी परवान्याची गाडी ठरवावी. वर्गणी काढली की ती जड जात नाही.

मग करावे काय? गाडी खाली बसली असेल, तर थकलेले पाटे बदलून कंपनीच्या मापाचे टाकावेत. गाडी आपल्या मूळ उंचीवर येते. शेतात जावेच लागत असेल, तर मापाचाच, पण खोल नक्षीचा टायर घ्यावा. टायरवरचा वजनाचा आकडा पाहावा. १०० असेल तर एका टायरवर ८०० किलो, १०४ असेल तर ९०० किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नये. बाजूला चार आकडी तारीख असते. १५२४ म्हणजे २०२४ सालच्या पंधराव्या आठवड्यात बनलेला. नवा म्हणून जुना माल गळ्यात पडायला नको.

आणि वस्तीचा रस्ताच चिखलाचा असेल, तर एकट्याने गाडी उंच करण्यापेक्षा सर्वांनी मिळून रस्ता उंच करून घ्यावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची शासनाची योजना आहे आणि तीत रस्त्याचे काम बसते. ग्रामसभेत लेखी मागणी द्या, पोच घ्या, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागापर्यंत पाठपुरावा करा. त्या रस्त्याने पिकअपही जाईल, शाळेची पोरेही जातील आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीला नेणारी गाडीही जाईल.

रुबाबाचे म्हणाल, तर हप्ता फिटलेल्या आणि कागदपत्रे चोख असलेल्या गाडीवरचा निळा झेंडा कोणत्याही उंचीवरून शोभून दिसतो.

जयभीम!