सांगणारीला वस्तीवर परतायचं असतं

2013 च्या जूनमध्ये नाशकात एका बापाने आपल्या गरोदर लेकीचा रिक्षात गळा आवळला. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं. या खुनाने जातपंचायतींचा जाच चव्हाट्यावर आला आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायत मूठमाती अभियान हाती घेतलं. वाळीत पडलेली कुटुंबं पुढे येऊन बोलू लागली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 मध्ये विधिमंडळात मंजूर झाला, जुलै 2017 पासून लागू झाला, तो या माणसांनी तोंड उघडलं म्हणून.

सभा संपली की कार्यकर्ते घरी जातात. बोलणारी मात्र त्याच वस्तीवर परतते, जिथे तिला लग्नाचं बोलावणं येत नाही आणि घरातल्या मयताला खांदा द्यायला कुणी फिरकत नाही. आपण ‘नाव बदलले आहे’ एवढी ओळ छापून मोकळे होतो. पन्नास-साठ उंबऱ्यांत तालुका, नवऱ्याचा धंदा आणि पंचांनी ठोठावलेल्या दंडाची रक्कम एवढं वाचलं की शेंबडं पोरही तिला ओळखतं. दंडाचा आकडा तर सगळ्या जातीसमोर पुकारलेला असतो.

ओळख छापण्यावरून देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातलं 1972 चं प्रकरण आठवावं. आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पोलिसांना निर्दोष सोडलं. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार यांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. कायद्यातल्या 1983 च्या दुरुस्तीने बलात्कार पीडितेची ओळख छापणं गुन्हा ठरलं. तोवर त्या मुलीचं नाव घोषणांत आणि कायद्याच्या पुस्तकांत कायमचं जाऊन बसलं होतं. आम्ही ते इथे छापलेलं नाही.

या अंकात बहिष्कार सोसलेल्या तीन स्त्रियांची कथनं आहेत. प्रत्येकीला मजकूर वाचून दाखवला; तिने खोडायला सांगितलं ते खोडलं. बुडालेली मजुरी, एसटीचं भाडं आणि इतर लेखकांइतकंच मानधन दिलं. हा होकार या अंकापुरता आहे. पोस्टरसाठी, रीलसाठी कुणाला यातलं काही हवं असेल, तर या स्त्रियांना पुन्हा विचारावं लागेल.

चौथं कथन सर्वांत ताकदीचं होतं. पानं लागली होती. तेवढ्यात त्या ताईंचा निरोप आला, ‘दिराच्या पोरीची सोयरीक चाललीय, आत्ता नको.’ आम्ही ते काढलं. त्या पानांवर आता बहिष्काराची तक्रार कुठे आणि कशी नोंदवायची, याची माहिती आहे.