फुली कशाची, तेही लिहा

भोसरी-चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला असलेल्या माणसाला लाल क्रेट म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. रिजेक्ट माल लाल क्रेटमध्ये, रिवर्कचा पिवळ्यात, ओके हिरव्यात. पण नुसत्या लाल रंगावर काम भागत नाही. पार्टला टॅग लागतो, टॅगवर दोष लिहावा लागतो, खाली सही लागते. त्याच माणसाच्या मुलाची वही मात्र लाल फुल्यांनी भरून घरी येते आणि नेमकं काय चुकलं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. शिक्षकांना आणि पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पार्टला मिळतो तेवढा न्याय वहीलाही मिळू द्या.

लाल शाई बदलावी का? जमत असेल तर जरूर बदला. अमेरिकेत अब्राहम रट्चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रयोग प्रसिद्ध केले. तपासायला निबंध तोच, पण काहींच्या हातात लाल पेन, काहींच्या हातात निळं. लाल पेनवाल्यांनी चुका जास्त काढल्या आणि गुणही कमी दिले. म्हणजे लाल रंगाचा परिणाम आधी तपासणाऱ्यावरच होतो. तरी सगळा दोष रंगाला देऊ नका. आपल्याकडे कुंकू लाल, लग्नपत्रिका लाल. वहीतल्या लालची मुलांना धास्ती वाटते, कारण तिथे तो फक्त चुकीसाठी बाहेर येतो. उद्या हिरव्या पेनाने नुसत्या फुल्याच मारल्या, तर मुलं हिरव्यालाही घाबरतील. ज्या पेनाने चूक दाखवता, त्याच पेनाने शाबासकीही लिहा.

आता एक पान डोळ्यांसमोर आणा. चिखलीतल्या एका खोलीत राहणारी, मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबातली चौथीतली मुलगी. पावसावर दहा ओळी लिहिल्यात. पानी, आनि, कोन, आंगन, पुन्हा पानी, पुन्हा आनि. प्रत्येक शब्दाभोवती लाल गोल आणि खाली शेरा, ‘शुद्धलेखन सुधारा’. तिला दिसतात डझनभर चुका. खरं तर यातली जवळजवळ प्रत्येक चूक एकच आहे. घरात ती ‘न’ ऐकते, म्हणून ‘न’ लिहिते. शंभर पार्टांवर एकच बर, म्हणजे कडेला राहिलेला खरखरीत कंगोरा, आली, तर शॉपमधले लोक शंभर दोष मोजत बसत नाहीत, डाय तपासतात. इथेही एका ‘पानी’खाली रेघ मारा आणि लिहा, ‘पाणी, आणि, कोण, अंगण यांत ण येतो. हे शब्द घालून चार वाक्यं लिही.’ आणि तिने ‘पाऊस आमच्या पत्र्यावर नाचतो’ असं लिहिलं असेल, तर त्या ओळीपुढे ‘छान’ लिहिल्याशिवाय वही मिटू नका.

गुणांपेक्षा अशी ओळ कामाला येते. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली हे दाखवून दिलं. ज्या मुलांना फक्त शेरा मिळाला, त्यांचं पुढचं काम सुधारलं. ज्यांना गुण आणि शेरा दोन्ही मिळाले, त्यांचं तसं सुधारलं नाही. आपल्याकडेही सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आलं, त्यात वर्णनात्मक नोंदी आहेतच. त्या नोंदी रजिस्टरपुरत्या राहू नयेत, मुलांच्या वहीत उतराव्यात.

वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक धरलाय. त्यावर सर्वेक्षणं, माहिती भरणं, निवडणुकीची कामं. म्हणून रोज सगळ्या वह्या तपासू नका. रोज सहाच नीट वाचा, बाकीच्यांवर सही करा. तीसच्या वर्गात आठवड्यातून एकदा प्रत्येकाची पाळी येते.

आणि पालकहो, तुमचीही अडचण कळते. आपल्या भागात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, तेव्हा मूल शाळेत. सेकंड शिफ्टहून परत येईतो ते झोपलेलं. तरी आठवड्यातून एकदा वही उघडा. ‘किती मार्क पडले?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘बाईंनी काय लिहिलंय, वाच बरं’ असं म्हणा. तुम्हाला स्वतःला मराठी वाचता येत नसलं तरी हे जमतं, मूलच वाचून दाखवतं. लाल दिसलं म्हणून हात उगारू नका. मार खाल्लेलं मूल पुढच्या वेळी वही लपवतं आणि मग चूक तुम्हाला दिसतही नाही. वहीत नुसत्या फुल्या असतील, तर पालकसभेत भांडण न करता विचारा, ‘बाई, हिचं नेमकं काय चुकतंय, तेवढी एक ओळ लिहाल का? आम्ही घरी तेवढंच करून घेऊ.’ आणि बाईंनी ओळ लिहिली, की त्या आठवड्यात घरी खरंच तेवढंच करून घ्या.