मुंगी चावल्यासारखं

परवा संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी डायनिंग टेबलाशी मेथी निवडत बसले होते. पेशंट मी, सोनोग्राफी झालेली माझ्या पोटाची, पण फोन घेतला धाकट्याने. "एक मिनिट हं डॉक्टर" म्हणत तो गॅलरीत गेला आणि जाताना दार ओढून घेतलं. दहा मिनिटांनी आत आला. चेहऱ्यावर उसनं हसू. "काही नाही गं आई, एक छोटीशी टेस्ट करायचीय. मुंगी चावल्यासारखं होईल फक्त."

"बायॉप्सी म्हण ना," मी म्हटलं. तो मेथीच्या जुडीकडे बघत राहिला.

तर हा लेख रागात लिहिते आहे, आधीच सांगून ठेवते. नेहमी वाचणाऱ्या ब्लॉगर मित्रमैत्रिणींनी सांभाळून घ्यावं. आणि घरचे, भाचे-पुतणे, अमेरिकेतली थोरली, सगळे वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचाच. तुमच्यासाठीच आहे.

मुंगीची आणि माझी ओळख जुनी. १९६१ साली, मी चौथीत असताना, शाळेतून येताना मला कुत्रं चावलं. पिंडरीला. कुत्रं पुढे सापडलंच नाही, म्हणजे इंजेक्शनं घेणं आलं. तेव्हा ती पोटात घ्यायची, बेंबीच्या आजूबाजूला, रोज एक अशी चौदा. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीपर्यंत होती, हे वाचून आता नवल वाटतं. हल्लीच्या मुलांना दंडावर चार-पाच वेळा टोचलं की काम होतं. सुखी आहेत.

तालुक्याचा सरकारी दवाखाना आमच्या गावापासून चार मैल. दादा (माझे वडील) सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "औषध आणायला जातोय." दवाखान्यात स्टोव्हवर ॲल्युमिनियमच्या भांड्यात काचेची सिरिंज आणि सुया उकळत असायच्या. त्या सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासायच्या. कंपाउंडर म्हणाला, "मुंगी चावते ना, तस्संच." आणि दोघांनी मिळून माझे हातपाय धरले. त्या मुंगीला मी आजवर विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, "आजचं शेवटचं." तिसऱ्या दिवशीही आजचं शेवटचं. चौथ्या दिवशी मी सायकलवरून उडी मारून उसात पळाले. दुखण्याला मी भीत नव्हते हो, पडून-झडून वाढलेली पोर होते. पण उद्या काय होणार हे आपल्याला कुणीच खरं सांगणार नाही, याची जी भीती असते ती फार वाईट.

सहाव्या दिवशी दवाखान्यात एक नवीन नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी मला धरायला आलेल्यांना बाजूला व्हायला सांगितलं. म्हणाल्या, "हे बघ, दुखणार आहे. चांगलंच दुखेल. तू वीस अंक म्हण, विसाच्या आत मी सुई काढते. अजून नऊ राहिलीत. न घेऊन चालायचं नाही, कारण त्या कुत्र्याला आजार असला तर तो तुला होईल, आणि एकदा झाला की त्याला औषध नाही." नऊ वर्षांच्या पोरीला इतकं भयंकर कुणी सांगतं का, असं आज तुम्ही म्हणाल. दादासुद्धा बाहेर येऊन तसंच म्हणाले. पण उरलेले आठ दिवस मी स्वतः आत गेले, स्वतः फ्रॉक वर केला आणि वीस अंक म्हटले. बाई सतराला सुई काढायच्या. एकदा चौदालाच.

आता वाटतं, ही गोष्ट इतकी पक्की लक्षात राहूनही मी पुढे काय केलं? १९७४ साली शाळेत लागले. दरवर्षी पाचवीच्या आणि दहावीच्या मुलांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला आरोग्य केंद्राची माणसं यायची. मी पोरांची रांग लावायची आणि सांगायची, "घाबरायचं नाही, मुंगी चावल्यासारखं होतं." एक वर्षी पाचवीतला एक मुलगा इंजेक्शन घेऊन दंड चोळत परत आला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाला, "बाई, तुम्ही खोटं बोलला." मी त्याला बाकावर उभं केलं. खरं बोलल्याबद्दल! तो आज चाळिशी ओलांडलेला असेल. हे वाचत असशील तर बाबा, तुझं बरोबर होतं.

पण ही पोरवयातली दुखणी झाली, विसरता येतात. १९८७ चं विसरता येत नाही.

आमच्या आईला आम्ही सगळी भावंडं 'वहिनी' म्हणायचो. काका-आत्यांचं ऐकून लागलेली सवय. तिला कॅन्सर झाला तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. मुंबईला आम्ही तिला ॲडमिट केलं आणि भावंडांनी मिळून ठरवलं की तिला सांगायचं नाही. मी मोठी, शिकलेली, मास्तरीण, मीच सगळ्यांना बजावलं. केमोची इंजेक्शनं सुरू झाली. ती विचारायची, "कसलं गं हे?" मी म्हणायची, "ताकदीचं." केस गेले तेव्हा म्हटलं, "औषध उष्ण पडलंय." ओकाऱ्यांनी जीव नकोसा व्हायचा तिचा, आणि आम्ही ताकदीचं, ताकदीचं. ती हं म्हणायची.

ती गेल्यावर वॉर्डातल्या आयाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "आजींना सगळं ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात मला विचारलं त्यांनी. म्हणाल्या, पोरींना सांगू नका, पोरी घाबरल्यात." म्हणजे आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. रात्री-अपरात्री जे काही बोलावंसं वाटलं असेल ते ती एका परक्या बाईशी बोलली. तिला एकदा गावचं घर बघायचं होतं, हेही आयाबाईंकडूनच कळलं. आमच्याकडे हट्ट धरला असता तर आम्ही म्हणणार, "बरी झालीस की जाऊ." तेव्हा ती नाही बोलली. रात्रीची गाडी होती, सकाळी पोचलो असतो.

आमच्या हातून माणुसकीच्या नावाखाली हे झालं, आणि माझा धाकटा गॅलरीचं दार लावून तेच करतो आहे.

आता तुम्ही म्हणाल, सांगितलं तर पेशंटचा धीर खचतो. कुणाचा खचतो? मला तर वाटतं, सांगणाऱ्याचा खचतो, म्हणून तो सांगत नाही. आणि समजा एखाद्याला नकोच असेल कळायला? असतात तशी माणसं. आमचे हे तसेच होते. २०१४ साली बायपासच्या आधी डॉक्टर समजावून सांगायला लागले तर हे म्हणाले, "मला काही सांगू नका, हिला सांगा, ही बघेल." ठीक आहे! पण त्यांना आधी विचारलं गेलं होतं. नको म्हणायचा हक्क त्यांचा होता, आणि तो त्यांनी स्वतः वापरला. वहिनीला आम्ही विचारलं नाही.

आणि हा प्रश्न नुसता मोठ्या आजाराचा नाही. २०२२ साली माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पाच दिवस हॉस्पिटलात होते. दर दोन तासांनी कुणीतरी यायचं आणि सलाईनच्या नळीत काहीतरी सोडून जायचं. मी विचारायची, "काय आहे हो?" उत्तर ठरलेलं : "डॉक्टरांनी सांगितलंय." आणि उशाशी बसलेला माझाच मुलगा, "आई, त्यांना त्यांचं काम करू दे ना." जणू मी पोस्टाची पेटी. कुणीही यावं, काहीही टाकावं.

तिसऱ्या रात्री एक लहानशी नर्स सुई घेऊन आली. बावीस-तेवीसची असेल. मी सवयीने विचारलं, "कसलं आहे?" "इन्शुलिन." मी उठूनच बसले. "बाळ, मला मधुमेह नाही." तिने कागद पाहिला, पलंगाचा नंबर पाहिला. त्याच संध्याकाळी शेजारच्या बाईंना वारा हवा म्हणून आमचे पलंग बदलले होते, आणि कागदावर बदल झाला नव्हता. तिचे हात कापायला लागले. मी तिची तक्रार केली नाही. रात्रपाळीला तेवढ्या मोठ्या वॉर्डात ती आणि अजून एक, दोघीच. पण मी विचारलं नसतं तर? शेजारच्या बाई विचारणाऱ्यांतल्या नव्हत्या, निमूट दंड पुढे करायच्या. सगळे त्यांना 'गुणी पेशंट' म्हणत.

आपल्याकडे सुईवर श्रद्धा फार. गोळी दिली तर "हा कसला डॉक्टर", सुई टोचली की पैसे वसूल! काय टोचलं ते विचारायचं नाही, सुई नवी आहे का तेही विचारायचं नाही. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात काविळीची मोठी साथ आली, बरीच माणसं गेली. वापरलेल्या सुया-सिरिंजा परत वापरल्याने हिपॅटायटिस बी पसरला होता. त्यांतल्या किती जणांनी विचारलं असेल, "सुई नवी काढली का?" आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं ना, डॉक्टरकाकांपुढे गप्प बसायचं. जेवला नाहीस तर डॉक्टरकाका टोचतील म्हणून भीतीही घालायची, आणि वर त्यांच्यावर विश्वास ठेव म्हणायचं. (सूनबाई, परवा नातवाला तू हेच म्हणालीस. रागावू नकोस, पण म्हणालीस.)

बरं, कायदा काय म्हणतो तेही बघा. २००८ साली सुप्रीम कोर्टाने समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. बाई ४४ वर्षांच्या, तपासणीसाठी भूल दिलेली, आणि त्या बेशुद्ध असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. कोर्ट म्हणालं, ही संमती चालणार नाही. प्रौढ, शुद्धीत येऊ शकणाऱ्या माणसाची संमती त्याचीच घ्यायची, आणि जीवावर बेतलेलं नसेल तर तो शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. सख्ख्या आईची चालत नाही, तर मुलाची कशी चालेल रे? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद केली. आपल्या राज्यात २०२१ च्या नियमांनी ती दवाखान्यात दिसेल अशी लावणंही आलं. पण भिंतीवर लावून काय उपयोग, आपणच पेशंटच्या आणि डॉक्टरच्या मध्ये उभे राहिलो तर?

वेळ नसतो म्हणतात. "अँटिबायोटिक आहे आजी, जरा जळजळेल," हे म्हणायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून पाहिलं, तीन सेकंद.

असो. मंगळवारी सकाळी नऊला बायॉप्सी आहे. काल मी स्वतः डॉक्टरांना फोन केला आणि सगळं विचारून घेतलं. लिव्हरवर डाग दिसलाय, सुईने तुकडा काढणार. जागा बधिर करतील पण दाब जाणवेल, नंतर काही तास पडून राहायचं. चांगले आहेत डॉक्टर, विचारल्यावर नीट सांगितलं. त्यांनाच नवल वाटलं, म्हणाले, "मुलगा म्हणाला तुम्हाला नका सांगू." काल रात्री झोपही बरी लागली, आदल्या रात्रीपेक्षा.

शंभर पानी वही आणलीय. रेघा मारून रकाने पाडलेत : वेळ, औषधाचं नाव, कशासाठी, कुणी दिलं. रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागतील. डॉक्टरांना माझा नंबर दिला आहे, धाकट्याचा खोडायला सांगितला आहे. फोन आला की मी घेईन. तू शेजारी बस, हवं तर हात धर. गॅलरीचं दार मात्र उघडं राहू दे.